कसब्यातला मुक्काम

कॉलेजात एका बाकावर बसणाऱ्या आम्ही सहाजणी गेल्या माघात चार दिवस संगमेश्वराजवळच्या एका जुन्या घरात राहून आलो. नवरे नाहीत, नातवंडं नाहीत. जांभ्या दगडाचं जोतं, ओटीवर झोपाळा, आणि माजघरात भरदुपारीही दिवा लावावा लागेल असा गार काळोख. घरच्या काकूंनी कांदा-लसूण-बटाट्याशिवाय आणि दिवस मावळायच्या आत जेवण देण्याचं कबूल केलं होतं, आणि ते चारही दिवस पाळलं. सहाला जेवून उठलो की पुढे दहापर्यंत नुसत्या गप्पा.

दुसऱ्या दिवशी कसब्याला गेलो. कर्णेश्वराचं दगडी देऊळ पाहिलं. कोरीव खांब आणि छत बघताना मान दुखून आली. चालुक्य राजा कर्ण याने ते बांधलं असं सांगतात. तिथून सरदेसायांच्या वाड्याकडे. संभाजीराजे इथेच पकडले गेले असं गाव सांगतं. 2025 मध्ये तो सिनेमा आला, अर्थसंकल्पात इथल्या स्मारकाची घोषणा झाली, तेव्हापासून येणाऱ्यांची गर्दी वाढली आहे.

परत येऊन झोपाळ्यावर बसलो तेव्हा आमच्यातली एक सहज म्हणाली, "आपल्यासारखाच आराम करायला आला होता राजा, आणि सापडला." तिचं चुकलं नाही. लहानपणी आम्ही असंच ऐकलं होतं. कवी कलशाच्या नादी लागला, बागबगीच्यात रमला, बेसावध सापडला. पण मला ते वाक्य झोंबलं आणि रात्री वाद झाला. त्या वादात जे बोलले ते जरा नीट मांडते.

मी कॉमर्सची. आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं की खतावणीत घोटाळा वाटला तर मागे जाऊन किर्द बघा, त्या दिवशी काय लिहिलंय ते बघा. संभाजीराजांच्या बदनामीची खतावणी म्हणजे मल्हार रामराव चिटणीसांची बखर. ती लिहिली गेली राजांनंतर सव्वाशे वर्षांनी. शिवाय लिहिणारा बाळाजी आवजी चिटणीसांच्या वंशातला, आणि बाळाजी आवजींना 1681 साली संभाजीराजांच्याच हुकुमाने मारलेलं. घरातलं दुखणं शाईत उतरणारच. त्याला मी दोष देत नाही, पण हिशेब म्हणून ते धरता येत नाही.

किर्द म्हणजे जेधे शकावली. त्यात कौतुक नाही, निंदा नाही, तिथी आणि घटना एवढंच. शके 1610 च्या नोंदी अशा : शिर्के कवी कलशावर उलटले, कलश पळून खेळण्यावर, म्हणजे विशाळगडावर गेला. राजे रायगडाहून त्याच्या मदतीला आले, शिर्क्यांशी लढून त्यांना पळवलं आणि खेळण्याला गेले. मग माघ वद्य सप्तमी, शुक्रवार. रायगडाला जायला निघून संगमेश्वरी आले असता शेख निजामाने दौड करून दोघांना जिवंत धरलं. इंग्रजी तारीख 1 फेब्रुवारी 1689.

म्हणजे तो वाटेवरचा मुक्काम होता, सुट्टी नव्हे. शेख निजाम हा गोवळकोंड्याचा जुना सरदार, त्यालाच मुकर्रबखान म्हणतात. तो होता कोल्हापूरच्या बाजूला. आम्ही मलकापूर, आंबा, साखरपा, देवरुख असे गाडीतून उतरलो तेव्हा वळणांनी दोघींना उलटी झाली. त्याच सह्याद्रीतून घोडेस्वार इतक्या चटकन येतील हे इथे कुणाला वाटलं नसणार. संताजीचे वडील म्हाळोजी घोरपडे झुंजताना पडले. राजांना पेडगावच्या बहादूरगडावर बादशहापुढे नेलं आणि 11 मार्चला मारलं.

गणोजी शिर्क्यांनीच वाट दाखवली असंही सर्रास बोललं जातं. शकावलीत तसं नाही. व्हाउचर नसेल तर मी नोंद करत नाही, मग ती सिनेमात कितीही ठसठशीत दिसो. एका घराण्याच्या लेकीसुनांनी तो डाग किती पिढ्या वागवायचा?

हे सगळं खणून काढायला माणसं राबली. वा. सी. बेंद्र्यांनी चरित्रासाठी आयुष्याची कितीतरी वर्षं घातली, ते 1960 साली आलं. पुढे कमल गोखले यांनी 'शिवपुत्र संभाजी' लिहिलं. बाईने लिहिलंय म्हणून मला त्याचं जरा जास्त अप्रूप.

पण वादात सगळ्या गप्प झाल्या त्या येसूबाईच्या नावावर. ती शिर्क्यांचीच लेक, पिलाजीरावांची. तिचं माहेर शृंगारपूर याच संगमेश्वर तालुक्यात, प्रचितगडाच्या पायथ्याशी. शिवाजीराजे कर्नाटकाच्या मोहिमेवर गेले तेव्हा संभाजीराजे तिथेच राहिले होते. आरामाचे दिवस म्हणायचेच तर ते. आता त्याच माहेराशी नवऱ्याची लढाई झालेली, आणि परतीच्या वाटेवर, माहेरच्या मुलखात तो धरला गेला. ही रायगडावर, पदरात सहा वर्षांचा शाहू.

तिने काय केलं? मुलाला गादीवर बसवण्याचा हट्ट धरला नाही. धाकट्या दिराला, राजारामांना, पुढे केलं आणि गडाबाहेर काढलं, म्हणजे एकाच वेढ्यात सगळे सापडायला नकोत. आपण मुलाला घेऊन गडावर थांबली. नोव्हेंबरात रायगड पडला. शाहू 1707 साली सुटला, आईला मात्र मोगलांनी ओलीस ठेवलं. ती सुटली 1719 साली, तीस वर्षांनी.

वाद तिथेच मिटला. झोपाळा थांबला होता. "आराम करायला" म्हणणारी मैत्रीण उठून आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

शेवटच्या दिवशी गणपतीपुळ्याचा बेत होता. तो तिनेच बदलला. आम्ही शृंगारपूरला गेलो. लहानसं गाव, मागे सह्याद्रीची भिंत. पाहण्यासारखं तिथे काय आहे, असं ड्रायव्हरने दोनदा विचारलं. आम्ही अर्धा तास थांबलो, घरून आणलेला खाकरा खाल्ला आणि ऊन कलायच्या आत घाट चढायला लागलो.