घर आपलं, जोतं दुसऱ्याचं

मोटरहोम विकत घ्यावं, निदान पंधरा दिवस भाड्यानं तरी घ्यावं, हा विषय आपल्या मंडळात दर उन्हाळ्याच्या तोंडावर निघतो. मुलं कॉलेजात गेलेली असतात, यलोस्टोन एकदा घाईघाईत पाहून झालेलं असतं आणि मोटेलच्या नाश्त्याचा कंटाळा आलेला असतो. मग चर्चा सुरू होते ती ओट्यापासून. शेगड्या किती, बाथरूमला वेगळं दार आहे का, सोफ्याचा पलंग होतो का. ते घर कुणाच्या चाकांवर उभं आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारतं. घर बांधताना आपण आधी जोत्याची चौकशी करतो. मोटरहोमचं जोतं म्हणजे त्याची चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, इंजिन, ॲक्सल आणि ब्रेक.

माझी डॉक्टरेट यंत्रांच्या कंपनांवरची, आणि पोटासाठी गेली पंधरा-सोळा वर्षं सॉफ्टवेअर लिहितो. दुसऱ्यानं घातलेल्या पायावर आपली इमारत चढवणं म्हणजे काय, हे मला दोन्हीकडून ठाऊक आहे. म्हणूनच बहुधा या विषयाच्या इतिहासात मी जरा जास्तच रमलो.

हा इतिहास आम्हा मिशिगनवाल्यांच्या अंगणातच सुरू होतो. १९५८ मध्ये रे फ्रँक नावाच्या गृहस्थानं स्वतःच्या कुटुंबाला फिरवण्यासाठी डॉजच्या ट्रकच्या चॅसीवर एक घर बांधलं. चाकांवरची घरं त्याच्या आधीही होती. पिअर्स-ॲरो या मोटार कंपनीनं १९१० मध्येच धनिकांसाठी तशी गाडी काढली होती. पण मोटरहोम हा विकण्याजोगा माल आहे, हे फ्रँकला दिसलं. ब्राऊन सिटी या लहानशा गावात त्यानं कारखाना काढला, डॉजनं चॅसी पुरवल्या आणि पुढे ही गाडी ‘ट्रॅव्हको’ नावानं प्रसिद्ध झाली.

दुसरा माणूस आयोवातल्या फॉरेस्ट सिटीचा जॉन हॅन्सन. फर्निचरचं दुकान आणि अंत्यविधीची व्यवस्था असा त्याचा दुहेरी व्यवसाय होता. शेतीवर जगणाऱ्या गावातली तरुण मंडळी बाहेर चालली म्हणून त्यानं १९५८ मध्ये खटपट करून गावात ट्रेलरचा कारखाना आणला. तोच पुढे विनेबागो झाला. १९६६ मध्ये त्यांचं पहिलं मोटरहोम बाहेर पडलं आणि थोड्याच काळात इतरांपेक्षा बऱ्याच कमी किमतीत घरं निघू लागली. भिंती, छप्पर, फर्निचर सगळं गावात बनत होतं. फक्त चॅसी डेट्रॉइटहून येत असे.

या धंद्यातली खरी मेख त्या ‘फक्त’ शब्दात आहे. शेकडो कंपन्या घरं बांधत, पण चॅसी देणाऱ्या मुख्यतः डॉज, शेवरोले आणि फोर्ड या तिघी. आणि या तिघींनीही सुरुवातीला चॅसी बेतली होती ती वेगळ्याच कामासाठी.

शेवरोलेची पी-३० घ्या. सत्तरच्या दशकापासून नव्वदपर्यंत अमेरिकेतली असंख्य मोठी मोटरहोम्स हिच्यावर उभी राहिली. ही चॅसी मुळात घरोघरी ब्रेड किंवा धोब्याचे कपडे पोचवणाऱ्या डब्बा-गाडीची. अशी गाडी सकाळी भरून निघते, दारोदार थांबत हलकी होत जाते आणि संध्याकाळी रिकामी परतते. मोटरहोमचं उलटं. कपाटं, फ्रिज, पलंग, पाण्याच्या टाक्या हे ओझं कधी उतरतच नाही. तशा अवस्थेत वर्षातले आठ महिने ते अंगणात उभं असतं आणि जुलैत एकदम रॉकी पर्वताचा घाट चढायला निघतं. स्प्रिंगा दबलेल्या, टायर एकाच जागी टेकलेले. रोज धावून थकणं आणि ओझ्याखाली उभं राहून थकणं या यंत्राच्या दृष्टीनं दोन निराळ्या गोष्टी आहेत. पी-३० मध्ये पुढच्या कॉइल स्प्रिंगांच्या आत रबरी हवेच्या पिशव्या बसवून हा भार तोलला जाई. पिशवी गळली की गाडी नाक खाली घालून चाले. जुन्या मालकांना विचारा, ते या पिशव्यांविषयी तासभर बोलतील.

घरासाठीच मुद्दाम बेतलेली चॅसी एकदा खरोखर निघाली होती. जनरल मोटर्सनं १९७३ मध्ये जीएमसी मोटरहोम बाजारात आणलं. ओल्ड्समोबिल टोरोनाडो या मोटारीचं पुढच्या चाकांना ताकद देणारं यंत्र त्यात होतं. मागे शाफ्ट नाही, त्यामुळे जमीन खाली आली आणि आत शिरायला शिडी नको. मागे दोन्ही बाजूंना एकापाठोपाठ एक अशी दोन-दोन चाकं, त्यांना हवेच्या पिशव्यांचं सस्पेन्शन. इंजिनिअर म्हणून मला विचाराल तर इतकं सुंदर मोटरहोम त्याआधी झालं नव्हतं, आणि नंतरही फारशी कुणी ती पातळी गाठली नाही. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल तोडलं, आणि साडेसात लिटरच्या इंजिनाचं कौतुक ओसरलं. १९७८ पर्यंत एकूण १२,९२१ गाड्या निघाल्या. जनरल मोटर्सच्या हिशेबात हा आकडा किरकोळ, उत्पादन थांबलं.

१९७९ मध्ये दुसरा तेलाचा फटका आला. दिवाळखोरीच्या कडेला पोचलेल्या क्रायस्लरला सरकारी हमीच्या कर्जासाठी हात पसरावे लागले आणि पैसे वाचवताना डॉजच्या मोटरहोम चॅसीवर कुऱ्हाड पडली. ज्या चॅसीवर हा धंदा जन्मला, तीच गेली. घर बांधणाऱ्यांचं काहीच चुकलं नव्हतं, पण त्यांच्या रेखाटनांतल्या मापांसकट सगळं बदलावं लागलं.

पेट्रोल महागलं तेव्हा लहान चॅसी शोधणं ओघानं आलं. टोयोटाच्या चार सिलिंडरच्या पिकअपवर चिमुकली घरं बसवली गेली. दिसायला गोड, पेट्रोलला काटकसरी. पण घराचं वजन त्या पिकअपच्या ॲक्सलला झेपणारं नव्हतं. काही गाड्यांत मागे जोडचाकं लावून आधाराचा देखावा झाला, आत ॲक्सल मात्र जुनाच. अशा हलक्या ॲक्सलमध्ये चाक फिरवणारा दांडाच गाडीचं वजनही पेलत असतो, त्यामुळे दांडा तुटला की चाक निखळतं. भारी ट्रकमध्ये वजन बाहेरच्या नळीवर असतं, दांडा फक्त फिरवण्याचं काम करतो. तो तुटला तर गाडी थांबते, पण चाक जागेवर राहतं. टोयोटावरच्या घरांचे हे ॲक्सल पुढे बदलून द्यावे लागले. बाहेरून मोजलेल्या चाकांच्या संख्येवर तेव्हापासून माझा विश्वास नाही.

विनेबागोनं ऐंशीच्या दशकात रेनोच्या फ्रेंच व्हॅनवर ‘ल शारो’ नावाचं छोटेखानी घर काढलं. कल्पना छान होती. पण १९८७ मध्ये रेनोनं अमेरिकेतला आपला धंदा क्रायस्लरला विकून टाकला, आणि सुटे भाग मिळवणं हा मालकांचा नवा उद्योग झाला. सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार समजावून सांगायला नको. पी-३० चंही शेवटी तेच झालं. १९९८ च्या सुमारास जनरल मोटर्सनं तो विभाग वर्कहॉर्स नावाच्या नव्या कंपनीला दिला, २००५ मध्ये नॅव्हिस्टारनं तिला विकत घेतलं आणि २०१२ मध्ये मोटरहोमच्या चॅसी बंद केल्या. पेट्रोलच्या मोठ्या मोटरहोमला मग फोर्डच्या एफ-५३ खेरीज पर्यायच उरला नाही. मागे डिझेल इंजिन असलेल्या महागड्या घरांचं जोतं फ्रेटलायनर आणि स्पार्टन घालतात, ती दुनिया निराळी.

गेल्या वर्षी आमच्या मंडळाचे एक ज्येष्ठ, ज्यांना सगळेच काका म्हणतात, मला ३१ फुटी मोटरहोम पाहायला घेऊन गेले. पलंग दोन, टीव्ही दोन, भिंत बाहेर सरकून दिवाणखाना मोठा होणारा. “डॉक्टर, तू खालचं लोखंड बघ, मी वरचा संसार बघतो,” असं म्हणून ते आत गेले. खाली फोर्डची ई-४५० होती. चॅसी उत्तम, सर्व्हिस देशभर मिळते, एकूण भाराची मर्यादा १४,५०० पौंड. पण त्याच चॅसीवर २४ फुटी घरही बांधतात आणि ३१ फुटीही. लांबी वाढते ती सांगाडा कापून, जोडून आणि मागच्या चाकांच्या पलीकडे शेपूट काढून. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर एकूण लांबीच्या निम्म्याहून बरंच जास्त असावं असं मी धरतो, नाहीतर शेजारून ट्रक गेला की गाडी डोलते.

माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, हे सांगणारी चिठ्ठी २००८ पासून नव्या मोटरहोमच्या दाराजवळ चिकटवावी लागते. या घरात ती होती: १,१०० पौंड. आम्ही तिथेच हिशेब मांडला. काका-काकू, मुलगा, सून मिळून ६२० पौंड. दोन नातवंडं १३०. पाण्याची ४० गॅलनची टाकी भरली की ३३४ पौंड. उरले १६ पौंड, आणि अजून तांदूळ, कणीक, कुकर, पोळपाट-लाटणं, कपडे, नातवंडांच्या सायकली सगळं बाहेरच होतं. विक्रेता म्हणाला, इतके जण नेतात, कुणाचं काही होत नाही. काकूंनी त्याच्याकडे न बघता काकांना विचारलं, “अहो, मग तो दुसरा टीव्ही काढून टाकतील का?”

त्यांनी शेवटी त्याच चॅसीवरचं २४ फुटी घर घेतलं. सरकणारी भिंत नाही, पण चिठ्ठीवर दुपटीहून जास्त भार शिल्लक आहे. पहिल्या सहलीला निघताना सगळं सामान भरून, पाणी भरून, माणसांसकट ते ट्रकवाल्यांच्या वजनकाट्यावर गेले. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि एकूण, तिन्ही आकडे मर्यादेत आले. पावतीचा फोटो त्यांनी मला पाठवला आणि खाली लिहिलं, कुकर दोन घेतले आहेत.