सृष्टीचा धडा आणि गुरुजींचा वेळ

शाळेतील मुलांस पशुपक्षी, झाडेझुडपे, नदी आणि माती यांचे ज्ञान द्यावे, याविषयी आज कोणाचेही दुमत नाही. आणि ज्या गोष्टीविषयी दुमत नसते तीच हमखास मागे पडते, असा चळवळीतला आमचा अनुभव आहे. ज्याला विरोध नाही त्याच्यासाठी भांडायलाही कोणी उभा राहत नाही. म्हणून आज आम्ही या धड्याचा इतिहास आपणांपुढे मांडणार आहोत. हा धडा मराठी शाळेत कोणी मागितला, तो कसा आला, शिकविणाऱ्याच्या हाती काय दिले गेले आणि काय द्यावयाचे राहिले, एवढाच आमचा विषय.

आम्ही शास्त्रज्ञ नाही, पदवीधरही नाही. हमालांच्या व गिरणीकारखान्यांतील कामगारांच्या संघटनेत दिवस घालवायचा आणि रात्री जे मिळेल ते वाचायचे, एवढीच आमची विद्या. त्यामुळे कोणतेही काम समोर आले की आमच्या तोंडी तीन प्रश्न येतात. हत्यार कोणते? ते कोणाच्या हाती? आणि काम करण्यास वेळ किती? शाळेतल्या कामालाही आम्ही हीच मोजपट्टी लावणार.

आरंभ 1882 सालापासून करू. त्या वर्षी हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग देशभर चौकशी करीत होता. 19 ऑक्टोबर 1882 रोजी पुण्याहून जोतीराव फुले यांनी त्या आयोगास एक निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षण सर्वांस मिळावे ही त्यातील मागणी सर्वश्रुत आहे. परंतु शाळेत काय शिकवावे हेही त्यांनी तेथे सांगितले आहे. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्या जोडीला त्यांनी शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे मागितले. शेतीचा पाठ तोंडी राहू नये म्हणून शाळेला जोडून लहानसे नमुन्याचे शेत असावे, असेही सुचविले.

याच निवेदनात फुल्यांनी शिक्षकाच्या पोटाचाही विचार केला आहे. प्राथमिक शिक्षकाचा पगार 12 रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावी तो 15 ते 20 रुपये असावा, त्याला गावात मान मिळावा, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे एकाच कागदावर दोन मागण्या होत्या. मुलाला मातीचा धडा द्या, आणि तो देणाऱ्याला ताठ उभे राहता येईल असे करा. पुढील सव्वाशे-दीडशे वर्षांत पहिल्या मागणीचे पुष्कळ कौतुक झाले; दुसरीची आठवण मात्र फार थोड्यांनी ठेवली.

दुसऱ्याच वर्षी, 1883 मध्ये, फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. पावसाच्या पाण्याबरोबर डोंगरावरील कुजलेला पालापाचोळा आणि जनावरांचे मलमूत्र वाहत येऊन शेताला खत कसे मिळते, जंगलखात्याने चराऊ राने आपल्या हद्दीत घेतल्यावर गाईबैलांचे काय झाले, माती वाहून जाऊ नये म्हणून ताली-बंधारे का बांधावेत, हे त्यांनी त्यात सांगितले. आज ज्याला पर्यावरणाचा धडा म्हणतात तो मराठीत, शेतकऱ्याच्या बोलीत, तेव्हाच लिहून झालेला आहे.

आणि योगायोग असा की, त्याच 1883 साली सप्टेंबरमध्ये मुंबईत आठ गृहस्थ एकत्र आले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. आठांपैकी सहा इंग्रज होते. दोघे आपले: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचे संस्थापक आणि व्याकरणकार दादोबांचे बंधू. सखाराम अर्जुन हे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. महिन्यातून एकदा जमावे, जमविलेले नमुने एकमेकांस दाखवावे, निरीक्षणे टिपावीत, असा या मंडळींचा क्रम होता. 1886 पासून त्यांचे नियतकालिक निघू लागले. पुढे याच संस्थेतून सलीम अली यांचे काम उभे राहिले आणि 1941 साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक निघाले. पक्षी ओळखावयास शिकविणारे इतके उत्तम हत्यार तोवर आपल्याकडे नव्हते.

पण हे हत्यार इंग्रजीत होते, आणि ज्याच्या वर्गाच्या खिडकीत तो पक्षी येऊन बसत होता तो गुरुजी मराठी शाळेत शिकवीत होता. एकीकडे शास्त्र होते, संग्रह होता, चित्रे होती. दुसरीकडे मूल होते, शेत होते, प्रत्यक्ष पाखरू होते. दोहोंमध्ये फार मोठे अंतर होते. आम्ही यात कोणा एकाला दोष देत नाही. सोसायटीने पुढे शाळांकडे आपले दार उघडले. मुंबईत गोरेगावला, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, तिचे शिक्षणकेंद्रच आहे. परंतु मुंबईचे केंद्र जतच्या शाळेपर्यंत आपोआप पोहोचत नाही.

हे अंतर कमी करणारी माणसे आपल्याकडे झाली. 1919 साली आपल्या विश्रामबागेत विलिंग्डन कॉलेज निघाले. त्याच वर्षी कराडजवळ काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. रयतेने आपले चिन्ह म्हणून वटवृक्ष घेतला, आणि अंगमेहनत करून शिकण्याची रीत घातली. ज्या मुलाने कुदळीने जमीन फोडली त्याला मातीचे थर पुस्तकात शोधावे लागत नाहीत. 1928 मध्ये पुण्याहून ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघू लागले आणि शास्त्राला मराठी भाषा मिळाली. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हातच्या कामातून शिक्षण हा विचार देशापुढे आला. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या हेतूंनी केल्या, तरी शिक्षकाच्या हाती काहीतरी देणाऱ्याच त्या होत्या.

स्वातंत्र्यानंतर सरकारने हा विषय हाती घेतला. 1964 ते 1966 या काळात कोठारी आयोगाने शिक्षणाचा विचार केला. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे; गारगोटीचे मौनी विद्यापीठ उभारणाऱ्यांपैकी. लहान मुलांच्या इयत्तांत भर असावा तो त्यांच्या भोवतालावर, असे आयोगाने सांगितले. 1967 साली ‘बालभारती’ची स्थापना झाली आणि पुढे ‘परिसर अभ्यास’ हा शब्द घरोघर पोहोचला. 1984 मध्ये अहमदाबादेस पर्यावरण शिक्षण केंद्र निघाले व शिक्षकांसाठी पुस्तिका, खेळ, तक्ते तयार होऊ लागले. 22 नोव्हेंबर 1991 रोजी, एम. सी. मेहता यांच्या अर्जावर, सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा असावा असे सांगितले. 2003 मध्ये पुन्हा बजावले. 2001 पासून शाळाशाळांत हरित सेना निघाल्या.

या काळात एक हत्यार असे घडले की त्याला सरकारी आदेशाची गरज पडली नाही. सोलापूरचे मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरी करीत होते. त्यांनी विदर्भाच्या रानांत आदिवासी, कोळी, शिकारी यांच्या तोंडची पक्ष्यांची, झाडांची, रानवाटांची नावे गोळा केली आणि ती मराठीत आणली. त्यांचा ‘पक्षिकोश’ शिक्षकाने टेबलावर ठेवावा असा आहे. 2025 च्या जूनमध्ये ते गेले. शास्त्राचे शब्द कष्टकऱ्यांच्या तोंडी आधीच असतात, कोणी जाऊन ऐकावे लागतात, हा त्यांच्या कामाचा धडा आम्हांस मोठा वाटतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी सर्वांस ठाऊक आहे. पिढ्यान्‌पिढ्या तेथील लोक नाग पकडीत, मडक्यात ठेवीत, पूजा करून पुन्हा रानात सोडीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग पकडणे गुन्हा ठरला. 2002 पासून हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, आणि न्यायालयाच्या आदेशांनी जिवंत नागांच्या मिरवणुका व खेळ बंद झाले. गावाला वाटले, आपली श्रद्धा हिरावली. प्राणिमित्रांना वाटले, नाग वाचला. 2025 च्या नागपंचमीला केंद्र सरकारने 21 नाग पकडण्यास परवानगी दिली, मात्र मिरवणुकीसाठी व स्पर्धेसाठी ती नव्हती. कारण दिले होते शिक्षणाचे.

शिक्षणाचे! हा शब्द कायद्याच्या कागदावर आला याचा आम्हांस आनंद आहे, म्हणूनच त्याचा हिशेब मागितला पाहिजे. नाग पाहिला म्हणजे नाग कळला असे होत नाही. नाग दूध पीत नाही. पुंगीच्या सुरावर तो डोलत नाही, गारुड्याच्या हातातील पुंगीच्या हालचालीवर डोलतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. त्यांतला कोणताही चावला तर मांत्रिकाकडे वेळ न दवडता दवाखाना गाठावा, कारण प्रतिविषाची लस तेथे मिळते. उसाच्या फडातील उंदीर खाणारा नाग शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदार आहे. हे शिक्षण. ते नागाला पकडल्याशिवाय, नुसत्या चित्रांवर आणि शिराळ्याच्या एखाद्या जाणत्या म्हाताऱ्याला वर्गात बोलावूनही देता येते. त्या म्हाताऱ्याला नागाचे बीळ कसे ओळखावे हे ठाऊक असते, शिक्षकाला विषाचे शास्त्र ठाऊक असते. दोघांना एका बाकावर बसविण्याचे काम न्यायालय करू शकत नाही.

अशी साधने आपल्या भोवती विखुरलेली आहेत. सागरेश्वरचा डोंगर एकेकाळी उघडाबोडका होता. मोहित्यांचे वडगाव येथील धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून आणि पुष्कळांच्या श्रमांतून तेथे झाडे उभी राहिली, हरणे आणून सोडली गेली, आणि 1985 साली ते अभयारण्य झाले. क्षेत्र जेमतेम 10.87 चौरस किलोमीटर, पण माणसाच्या हातांनी जंगल करता येते हे मुलाला दाखविण्यास तेवढे पुरे. हरिपूरची हळदीची पेवे पाहा. जमिनीखाली हळद वर्षानुवर्षे सुकी राहते ती तेथल्या मातीच्या गुणाने. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नसते, कोंडलेली हवा जाऊ द्यायची असते, हे हमालाला कोणी शाळेत शिकविलेले नाही. 2005 च्या महापुराने त्यांतली पुष्कळ पेवे गेली. आयर्विन पुलाशी पाणी मोजतात. 40 फुटांवर इशारा, 45 फुटांवर धोका. 2019 मध्ये ते 57 फुटांवर गेले. भिलवडी-औदुंबरच्या काठावर मगरी आहेत, आणि नदीत उतरलेली माणसे त्यांच्या तोंडी गेलेली आहेत. या मुलांना नदीचा धडा हा जिवाचा धडा आहे. मगर कोठे ऊन खाते, कोणत्या घाटावर उतरू नये, पाणी चढू लागले की पहिले काय उचलावे, हे गुरुजींनी सांगितले तर मूल वाचेल.

मग हे होत का नाही? येथे आमच्या तिसऱ्या प्रश्नाशी येऊन पोहोचलो. हत्यारे आहेत, आणि आता मराठीतही आहेत. ती गुरुजींच्या आणि बाईंच्या हाती पोहोचतातही. वेळ मात्र नाही. दोन शिक्षकांच्या शाळेत चार वर्ग सांभाळायचे, माहितीचे तक्ते भरायचे, आहाराचा हिशेब ठेवायचा, मतदारयादी घेऊन दारोदार फिरायचे; आणि यांतून उरलेल्या वेळात मुलांना घेऊन ओढ्यावर जायचे! 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 27 व्या कलमात लिहिले आहे की जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामाला शिक्षकाला जुंपू नये. कलम चांगले आहे. परंतु कारखान्यात आठ तासांचा कायदा झाला तेव्हाही तो दारावर चिकटवून आठ तास झाले नव्हते; घड्याळ पाहणारी संघटना लागली. ओढ्यावर नेलेले मूल घसरून पडले तर जबाबदार शिक्षक. वर्गात बसवून ठेवलेले मूल वाढलेच नाही तर जबाबदार कोणीच नाही. अशा स्थितीत कोणता शहाणा माणूस वर्गाबाहेर पाऊल टाकील?

म्हणून फुल्यांच्या त्या कागदाकडे आम्ही पुन्हा पुन्हा वळतो. नमुन्याचे शेत आणि 12 रुपयांचा पगार त्यांनी एका दमात मागितले, कारण एकावाचून दुसरे उभे राहत नाही हे त्यांना दिसत होते. नवे पुस्तक छापणे सोपे असते; छापले की समारंभ करता येतो. शिक्षकाला आठवड्यातून एक दुपार मोकळी करून देण्याचा समारंभ होत नाही. पण सृष्टीचा धडा त्या दुपारीच शिकविला जाणार आहे.

येथे बसलेल्यांत पालक आहेत, शाळासमित्यांचे सभासद आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, व्यापारी आहेत. आपणांस आम्ही देणगी मागत नाही. आपापल्या शाळेत जाऊन एवढेच विचारा की या वर्षी मुले वर्गाबाहेर किती वेळा गेली, आणि गेली नसतील तर गुरुजींना कोणत्या कामाने अडविले. ते काम काढून घेण्यासाठी अर्ज करावा लागला तर सही करा. मुलांबरोबर ओढ्यावर जाण्यास दोन मोठी माणसे हवी असतील तर आपण त्यांतले एक व्हा. दुसरा माणूस आमच्या संघटनेतून देऊ. पेवात उतरलेले, नदीत होडी घातलेले, शेळ्यांमागे रान तुडविलेले पुष्कळजण आमच्यात आहेत, आणि त्यांना आजवर कोणत्याही शाळेने बोलावलेले नाही.