परदेशी कैद्याचे औषध ही देवघेव नव्हे

परदेशी कैद्याच्या आजारपणाचा विषय निघाला की चांगली शिकलेली माणसेही म्हणतात, त्याच्या देशाची वकिलात आहे ना, तिने पाहावे. आपण जे करू ते सौजन्य, आणि सौजन्य समोरच्याच्या वागण्यावर ठरते. कराचीच्या तुरुंगात आपल्या मच्छीमारांचे हाल होत असताना पाकिस्तानी कैद्यांच्या औषधपाण्याची काळजी आपण का वाहायची?

यामागचा संताप खरा आहे. मार्च २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातला एक खलाशी कराचीच्या तुरुंगात वारला आणि त्याचे शव घरी यायला महिन्याहून अधिक काळ लागला. त्या घरातल्यांना कोणी कायदा शिकवायला जाऊ नये. पण हाच संताप धोरण म्हणून मांडला जातो, तेव्हा तो तपासलाच पाहिजे.

आधी वकिलातीचे पाहू. १९६३च्या व्हिएन्ना कराराचे ३६वे कलम तिला कैद्याला भेटण्याचा, पत्रव्यवहाराचा, वकील मिळवून देण्याचा अधिकार देते. कैद्याला दवाखान्यात हलवण्याचा अधिकार देत नाही. आणि भेटसुद्धा तुरुंगवाल्याने दार उघडले तरच! पाकिस्तानच्या कैदेतल्या कुलभूषण जाधवांपर्यंत पोहोचण्यासाठी भारताला हेगच्या न्यायालयात जावे लागले. पाकिस्तानने ३६वे कलम मोडले असा निकाल २०१९ मध्ये लागला. ज्याच्या हाती कुलूप, त्याच्याच शिरी उपचाराची जबाबदारी, हाच यातून निघणारा नियम. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या मंडेला नियमांतला २४वा नियमही तेच सांगतो: बाहेरच्या समाजाला मिळतात त्याच दर्जाचे उपचार कैद्याला मोफत आणि त्याच्या कायदेशीर दर्जावरून भेदभाव न करता द्यावेत, ही राज्यसंस्थेची जबाबदारी. हे नियम म्हणजे करार नव्हे, हा आक्षेप बरोबर आहे. पण नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार बंधनकारक आहे. भारत त्यात १९७९ मध्ये आला, पाकिस्तान २०१० मध्ये. त्याचे १०वे कलम बंदिवासातल्या प्रत्येक माणसाला माणुसकीने वागवायला सांगते. त्यात ना नागरिकत्वाची अट आहे, ना परतफेडीची.

आपल्या राज्यघटनेतही १९वे कलम नागरिकांसाठी आहे, २१वे कलम मात्र ‘व्यक्ती’साठी. २१व्या कलमातला जगण्याचा हक्क म्हणजे प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क, हे तत्त्व आज आपला प्रत्येक वकील सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये ते ठसठशीतपणे मांडले फ्रान्सिस कोराली मलिन या तिहारमधल्या ब्रिटिश स्थानबद्ध बाईच्या याचिकेवर. त्याआधी १९७८ मध्ये दिवसरात्र पायात बेड्या ठोकण्यावर याच न्यायालयाने मर्यादा घातली, तिथे दाद मागणाऱ्यांत चार्ल्स शोभराज होता, परदेशी आणि कुख्यात. परदेशी कैद्याला दिलेला हक्क आपल्या माणसाच्या ताटातून काढलेला असतो असे मानणाऱ्यांनी हे दोन निकाल वाचावेत. त्यांचा लाभ आपल्याच कैद्यांना झाला.

उपचारासाठी सोडले तर पळून जातील, ही भीतीही ऐकतो. खुनाच्या खटल्यात जन्मठेप झालेले पाकिस्तानी विषाणूशास्त्रज्ञ खलील चिश्ती ऐंशीच्या आसपासचे, आजारी. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला, पुढे कराचीला जाऊ दिले. ते परत आले.

देशी कैद्याइतके दिले की झाले, हेही मला पटत नाही. परदेशी कैद्याला भेटायला घरचे कोणी येत नाही, जुन्या आजाराचे कागद कोणी आणून देत नाही. कुठे दुखते हे सांगायलाही भाषा नसते. बेल्जियममध्ये जर्मन बोलणाऱ्या एका मनोरुग्ण बंदिवानाला वर्षानुवर्षे त्याच्या भाषेत उपचार मिळाले नाहीत. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१९ मध्ये तो अमानुष वा अपमानास्पद वागणुकीविरुद्धच्या हक्काचा भंग ठरवला. तो तर बेल्जियमचाच नागरिक होता.

भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती एकमेकांच्या तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटत असे. तिची शेवटची भेट २०१३ची. २०१८ मध्ये ती पुन्हा सुरू करायचे आणि मानसिक आजार असलेल्या कैद्यांकडे डॉक्टरांची पथके पाठवायचे तत्त्वतः ठरले, ते तिथेच अडकले. पाकिस्तानच्या होकारासाठी आपण जरूर अडून बसावे. पण आपल्या तुरुंगातल्या पाकिस्तानी कैद्याला आपलाच डॉक्टर आणि दुभाषा देण्यासाठी इस्लामाबादची परवानगी लागत नाही.