खानदेशचा कापूस : प्रत कोणाची, भाव कोणाचा?

शिंदखेड्यात उभे राहून कापसावर बोलणे हे धाडसाचेच काम आहे. या मांडवातील प्रत्येकाने कापूस पेरला तरी आहे, वेचला तरी आहे, नाही तर जिनात डोक्यावरून वाहिला तरी आहे. तेव्हा शेतीचे धडे आम्ही देणार नाही. शाळेच्या पायऱ्या आम्ही फार चढलो नाही. जे थोडे वाचले ते युनियनच्या कचेरीत, कंदिलाशी नव्हे तर कामाशी झगडत वाचले. त्या वाचनातून एक प्रश्न आमच्या मनात रुतून बसला आहे. शेजारशेजारच्या मुलखांत पिकणाऱ्या मालाला निराळा भाव येतो, तो मातीचा असतो की नावाचा? आणि नावाचा असेल, तर ते पैसे कोणाच्या पदरात पडतात?

प्रथम थोडे दूर जाऊ. फ्रान्समध्ये बोर्दो नावाचा मुलूख आहे. तेथील लाल द्राक्षमद्य जगभर जाते. नदीच्या डाव्या अंगाला मेदॉक, तर उजव्या अंगाला सेंतेमिलियाँ आणि पोमरोल. डावीकडे गोट्यांची खडकाळ जमीन, म्हणून तेथे काबर्ने जातीच्या द्राक्षाचा मान. उजवीकडे चिकण माती अधिक, म्हणून तेथे मेर्लो. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी या मद्यांची प्रतवारी ठरली. ती ठरविली व्यापारी दलालांनी, आणि कशावरून? बाजारात आजवर मिळालेल्या भावावरून! एका अपवादाखेरीज लाल मद्याची सारी यादी मेदॉकची झाली. उजव्या अंगाचे शेजारी यादीबाहेर राहिले. सेंतेमिलियाँची स्वतःची प्रतवारी व्हायला १९५५ साल उजाडले. पोमरोलची अधिकृत प्रतवारी अजूनही नाही. तरीही तेथील पेत्र्यूस हे मद्य आज जगातील अत्यंत महाग मद्यांत गणले जाते. माती तीच होती. बदलला तो भाव, आणि भावामागून प्रतिष्ठा.

आता आपल्या तापीकाठी येऊ. तापीपासून पूर्णेपर्यंत काळी जमीन सलग पसरली आहे. खानदेश कोठे संपतो आणि वऱ्हाड कोठे लागतो हे नांगराच्या फाळाला कळत नाही. पण व्यापाऱ्याच्या वहीत दोन्हींचे खाते वेगळे होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचे मोल आले. तेव्हा विलायतेच्या बाजारात वर्ध्याकडील हिंगणघाटचा ‘बनी’ कापूस लांब व मऊ धाग्याचा म्हणून वरच्या भावाने जाई. खानदेशचा कापूस मात्र वऱ्हाडच्या मालाबरोबर ‘उमरा’ या नावाखाली खपे. हे उमरा म्हणजे उमरावती, आपली अमरावती. पिकवी खानदेशचा कुणबी, नाव लागे अमरावतीचे!

खानदेशचे कलेक्टर ॲशबर्नर यांनी त्याच दशकात हिंगणघाटचे बी येथे आणवून त्याचा मोठा प्रसार केला. हेतू वाईट नव्हता. काही वर्षे ते बी चालले. पुढे आखूड, जाड धाग्याच्या वाणांनी पुन्हा रान भरले. खानदेशचा शेतकरी अडाणी, त्याला चांगल्या मालाची कदर नाही, अशी तक्रार साहेबलोकांनी वारंवार केली. आम्ही हा हिशेब कागदावर मांडून पाहिला. बनीचा रुईचा उतारा कमी, आखूड धाग्याच्या वाणाचा जास्त. समजा, शंभर शेर कापसातून एकाची २८ शेर रुई निघते आणि दुसऱ्याची ३८ शेर. मग नुसती बरोबरी साधायची तरी पहिल्या रुईला शेकडा ३६ अधिक भाव मिळाला पाहिजे. तेवढा अधिक भाव शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचत नसेल, तर लांब धागा त्याने कोणासाठी पिकवावा? तो अडाणी नव्हता; त्याचे गणित पक्के होते.

दुसरे दुखणे भेसळीचे. हलका माल चांगल्यात मिसळायचा, रुईवर पाणी मारायचे, सरकी आणि माती तशीच दाबायची, आणि गाठ मात्र चांगल्या नावाने विकायची, असा प्रकार बोकाळला. त्यावर मुंबई सरकारने १८६३ साली कापसातील लबाडी रोखण्याचा कायदा केला. पण व्यापाऱ्यांना तपासनिसांचा जाच नको होता, आणि वीस वर्षांच्या आत तो गुंडाळला गेला. नंतर १९२३ साली कापूस वाहतुकीचा कायदा आला. चांगल्या कापसाचा मुलूख ठरवून तेथे बाहेरचा हलका कापूस आगगाडीने आणण्यास बंदी घालण्याचा अधिकार त्याने दिला. १९२५ च्या कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण उमटविणे बंधनकारक झाले.

फ्रान्समध्येही हेच घडले होते. १९११ साली शांपेन प्रांतात व्यापारी बाहेरची स्वस्त द्राक्षे आणून शांपेनच्या नावाने मद्य विकू लागले, तेव्हा द्राक्षबागायतदार रस्त्यावर आले आणि मद्याच्या कोठारांची मोडतोड झाली. त्याच वर्षी शेजारच्या ओब भागातील बागायतदारही उठले. त्यांची तक्रार अशी की, आम्हांला या नावातून वगळले. गावाच्या नावाला कायद्याचे पक्के संरक्षण तेथे १९३५ साली मिळाले. पण तो लढा माल पिकविणाऱ्यांनी लढला होता. आपल्याकडचे कायदे मात्र गिरणीच्या सोयीसाठी वरून आले. हा फरक आम्हांला सर्वांत मोठा वाटतो.

आपल्या नावालाही एकदा दिवस आले होते. खानदेशात वाढलेल्या ‘जरीला’ या सुधारलेल्या वाणाने इतका जम बसविला की, मुंबईच्या कापूसबाजारात २५/३२ इंच धाग्याच्या जरीलावरून भाव बोलला जाऊ लागला. मागून ‘विरनार’ आला. पुढे १९७० साली सुरतेहून संकरित-४ आला, २००२ पासून बीटी आला, आणि मुलखामुलखाचे वाण मागे पडले. आज धुळ्याचा व यवतमाळचा शेतकरी बहुधा एकाच धर्तीचे बियाणे पेरतो. मुलखाचे नाव गेले. उरली ती धाग्याची लांबी, ओल आणि कचरा.

मग प्रतवारीचा तंटा मिटला काय? नाही. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, आणि प्रत ठरविण्याचा अधिकार दलालाकडून केंद्रावरच्या प्रतवारी करणाऱ्याकडे गेला. या शतकाच्या आरंभी ती योजनाही मोडली. आम्ही विशीत असताना एका जिनात हमाली केली. दोघा भावांचा एकाच शेतातला कापूस, एक गाडी सकाळी आली, दुसरी दिवेलागणीला. सकाळचा वरच्या प्रतीत गेला, सांजेचा खालच्या. रात्री दोन्ही एकाच ढिगावर रिकामे झाले. कवडी निवडणारी एक म्हातारी आम्हांला म्हणाली, “भाऊ, तोलताना दोन, दाबताना एक.” तिची मजुरी दोन्ही ढिगांना सारखीच होती. पण चाळीस वर्षे कापूस हाताळलेल्या तिच्या बोटांना प्रत कळत होती, आणि तिला कोणी विचारीत नव्हते.

आज गाठीतील रुईची लांबी, बळकटी, जाडी यंत्रावर मोजून मिळते. पण ती मोजणी गाठ झाल्यावर, म्हणजे माल शेतकऱ्याच्या हातून गेल्यावर. त्याचा कापूस अजून बहुतेक ठिकाणी नजरेने आणि मुठीनेच पारखला जातो. आमचे मागणे एवढेच आहे : मोजणी तोलकाट्यापाशी व्हावी, रुईचा उतारा आणि धाग्याची लांबी पावतीवर लिहिली जावी, आणि निवडणाऱ्या बायकांच्या पारखेला मजुरीत मोल मिळावे. जळगावच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण नुसत्या नावाने पोट भरत नाही. नाव राखण्याचे काम ज्याच्या हाती, भाव त्याच्या हाती. इतिहासाने आम्हांला शिकविले ते इतकेच. ते काम आपण आपल्या हाती घेणार की नाही, याचे उत्तर या मांडवातूनच यायचे आहे.