न झालेल्या दोन धरणांचा धडा

आपल्याला शाळेत चंद्रपूरचा इतिहास शिकवला गेला तो गोंड राजांचा, परकोटाचा आणि महाकाली मंदिराचा. आपण लहान होतो त्याच वर्षांत आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आणखी एक इतिहास घडत होता, तो मात्र कोणत्याच धड्यात नव्हता. त्यात भौतिकशास्त्र होते, अभियांत्रिकी होती आणि राज्यशास्त्रही होते. हे विषय आपण वेगवेगळ्या तासांना, वेगवेगळ्या वह्यांत शिकलो. गडचिरोलीच्या जंगलात ते एकाच प्रश्नात एकत्र आले होते. आपल्यापैकी कितीतरी जण पुढे इंजिनिअर झाले, मीही झाले. म्हणून या स्मरणिकेसाठी हाच विषय निवडला.

गोदावरीच्या पाणीवाटपाचा लवादाचा निवाडा १९८० साली आला. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि आंध्र प्रदेश यांचा संयुक्त प्रकल्प म्हणून गोदावरीवरच्या इंचमपल्ली धरणाला त्यात जागा होती. दुसरे मोठे जलविद्युत धरण भोपालपट्टणमजवळ इंद्रावतीवर व्हायचे होते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला आणि महाराष्ट्राच्या बाजूने बुडणाऱ्या जंगलाचा प्रश्न या नव्या जिल्ह्याच्या पदरात पडला.

एवढे जंगल बुडणार का होते, हे शाळेच्या विज्ञानातूनच कळते. पाण्यापासून किती वीज मिळेल हे दोन गोष्टींवर ठरते : दर सेकंदाला किती पाणी वाहते आणि ते किती उंचीवरून पडते. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून साडेचारशे मीटरांहून अधिक खाली येते. तिथे एक मेगावॉट विजेसाठी सेकंदाला अडीचशे लिटरांच्या आसपास पाणी पुरते. समजा, एखाद्या ठिकाणी वीसच मीटर उंची मिळाली, तर तेवढ्याच विजेसाठी सेकंदाला साडेपाच हजार लिटरांहून अधिक पाणी लागेल. गोदावरीच्या या खोऱ्यात सह्याद्रीसारखे कडे नाहीत. इथे उंची हवी तर ती भिंत बांधून मिळवायची आणि पाणीही भरपूर साठवायचे. उतार कमी असला की भिंतीमागचे पाणी दूरवर पसरते. त्याखाली जाते ते जंगल आणि त्यातली गावे.

इथवर भौतिकशास्त्र. भिंत कुठे घालायची, किती उंच बांधायची, तिचा पाया कसा असावा, हे अभियांत्रिकी सांगते. पण बुडायचे कोणी आणि हे ठरवायचे कोणी, याचे उत्तर या दोन्ही शास्त्रांकडे नाही.

१९८४ साली हा तिसरा प्रश्न रस्त्यावर आला. ‘जंगल बचाव, मानव बचाव’ या आंदोलनात आदिवासी मोठ्या संख्येने उतरले. पानाबारसचे लालश्याम शहा महाराज आणि आपल्या वरोऱ्याच्या आनंदवनातून आलेले बाबा आमटे यांनी त्यात पुढाकार घेतला. बाबांनी पंतप्रधान इंदिरा गांधींना पत्र लिहिले. १९८०च्या वन संवर्धन कायद्यामुळे जंगलाची जमीन इतर कामाला वापरायची तर केंद्राची परवानगी लागत होती, म्हणून निर्णयाची किल्ली दिल्लीत होती. पुढे ही दोन्ही धरणे झाली नाहीत.

त्याच काळात आपल्या शहराजवळ औष्णिक वीज केंद्राचे संच एकामागून एक सुरू होत होते. वीज तर हवीच होती. पाण्याची नाही तर कोळशाची, आणि कोळशालाही जमीन, पाणी आणि हवा ही किंमत मोजावी लागतेच. त्यामुळे ‘धरण हवे की नको’ एवढ्यावर हा विषय संपत नाही. असे प्रश्न पुन्हा पुन्हा येणार, तेव्हा ते सोडवायचे कसे?

याचे उत्तर शोधण्याचे काम ज्या गावाने केले ते मेंढा (लेखा). धानोरा तालुक्यातले हे गोंडांचे छोटेसे गाव. आंदोलनाच्या वाऱ्यातूनच तिथे घोषणा रुजली : ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ गावातले देवाजी तोफा आणि चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. मोहनभाऊ जयप्रकाशांच्या आंदोलनातून आलेले आणि विनोबांचा विचार मानणारे.

मेंढ्याने दोन जागा वेगळ्या ठेवल्या. एक अभ्यासगट, दुसरी ग्रामसभा. अभ्यासगटात कोणीही यावे, बाहेरच्या जाणकारांनाही बोलवावे, प्रश्नाच्या सगळ्या बाजू समजून घ्याव्यात. पण तिथे निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीने. आग्या मोहोळाचा मध माशा न मारता कसा काढायचा इथपासून वनहक्काच्या कायद्यापर्यंत अनेक विषय गावाने असे अभ्यासले.

मला यातली मेख फार मोलाची वाटते. आम्हा इंजिनिअर मंडळींच्या जगात ज्याला कळते त्यानेच ठरवायचे, असा रिवाज आहे. मेंढ्यात तज्ज्ञाला मान आहे, पण तो निर्णयाचा मालक नाही. सर्वसहमतीचेही तसेच. शंभरातल्या नव्व्याण्णवांना पूल भक्कम वाटला आणि एकाच्या आकडेमोडीत तडा दिसला, तर ती आकडेमोड मतदानाने खोडता येत नाही. ती तपासावीच लागते. सर्वसहमतीचा आग्रह धरला की त्या एकाचे म्हणणे ऐकल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वेळ लागतो, पण तडा वेळेत सापडतो.

या अभ्यासाचा कस बांबूवर लागला. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू गवताच्या कुळातला, पण १९२७च्या भारतीय वन कायद्याने त्याला झाड मानले होते. झाड ठरले की तोडण्या-विकण्याचा अधिकार सरकारचा. आपल्या जंगलातला बांबू ट्रक भरभरून बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जात असे. २००६च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात घेतला. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी वाहतुकीच्या परवान्यावर घोडे अडले होते. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. २०१३ मध्ये गावाने १९६४च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली ग्रामदानाचाही निर्णय घेतला. कायद्याच्या पुस्तकातला एक शब्द बदलला की जंगलातल्या माणसाच्या हाती काय येते, हे या बांबूने दाखवले.

मात्र गोदावरीवरचा प्रश्न मिटलेला नाही. सिरोंच्याजवळ तेलंगणाने बांधलेला मेडीगड्डा बंधारा २०१९ मध्ये सुरू झाला. तो वीज निर्माण करण्यासाठी नाही; नदीचे पाणी उपसून वर चढवण्यासाठी आहे, म्हणजे वीज खर्च करून. लाभ पलीकडच्या तीराला आणि अलीकडे सिरोंचा तालुक्यातल्या शेतांत फुगवट्याचे पाणी. ऑक्टोबर २०२३ मध्ये या बंधाऱ्याचे काही खांब खचले. खांब खचला की चौकशी बसते, अहवाल येतो. शेत बुडणाऱ्याला आधी विचारले होते का, याची चौकशी करायला कोणतीही समिती बसत नाही.

गोदावरी-कावेरी जोडप्रकल्पाच्या निमित्ताने इंचमपल्लीचे नावही पुन्हा चर्चेत आले आहे. अशा एखाद्या आराखड्यावर उद्या आपल्याच शाळेतून गेलेला कोणी विद्यार्थी काम करत असेल. त्याने पाण्याची उंची नीट मोजावी, पायाखालची वाळू तपासावी. आणि नकाशावर पहिली रेघ ओढण्याआधी बुडणाऱ्या गावच्या ग्रामसभेत जाऊन, आपला आराखडा समोर ठेवून, संध्याकाळभर ऐकत बसावे.