पानावरचा थेंब

‘तण खाई धन’ ही आपल्या शेतकऱ्याची म्हण जुनी; तणनाशक फवाऱ्याचा इतिहास मात्र त्या मानाने कालचा. १९७० साली अमेरिकेत जॉन फ्रान्झ या रसायनज्ञाने ग्लायफोसेटचा तणनाशक गुण हेरला आणि १९७४ साली ते ‘राउंडअप’ या नावाने बाजारात आले. परंतु अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, तसेच मेणचट तणावरून नुसते औषधही ओघळते. म्हणून त्यात चरबीपासून बनविलेला, साबणासारखा पदार्थ मिसळला गेला. त्याने थेंबाचा ताण मोडला, थेंब पसरला, औषध पानात शिरले. क्षारयुक्त पाण्यातील कॅल्शियम औषधाला जखडून ठेवते. तेथे अमोनियम सल्फेट कामास आले.

गंमत अशी की, अमेरिकी कायद्याच्या भाषेत असले सोबती ‘निष्क्रिय’ ठरले. वेष्टनावर त्यांची नावे छापण्याची सक्ती नाही. पुढे १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हाच चरबीजन्य सोबती माशांना मूळ औषधाहून अधिक घातक आढळला, आणि २०१६ साली युरोपीय संघाने ग्लायफोसेटच्या औषधांत तो वापरण्यास मनाई केली.

जो इतके काम करतो, त्याला निष्क्रिय कसे म्हणावे? फवारणाऱ्याला आणि ओढ्याकाठच्या गावाला त्या थेंबात काय काय आहे हे जाणण्याचा हक्क आहे, असे आम्हांस वाटते.