‘फ्रायर’ म्हणजे पाद्री नव्हे : एका ‘भावा’ची आठशे वर्षे

शेक्सपिअरच्या नाटकात रोमिओ-ज्युलिएटचे गुप्त लग्न लावतो तो फ्रायर लॉरेन्स. मराठीत त्याला ‘पाद्री’ म्हणून आपण मोकळे होतो. पण ‘पाद्री’ पोर्तुगीज ‘पाद्रे’वरून आला, अर्थ ‘बाप’. ‘फ्रायर’ हा लॅटिन ‘फ्रातेर’चा वंशज, अर्थ ‘भाऊ’. संस्कृत ‘भ्रातृ’ आणि ‘फ्रातेर’ एकाच मुळाचे.

हा फरक केवळ व्युत्पत्तीचा नाही. इटलीतील असिसीच्या फ्रान्सिसने १२०९च्या सुमारास उभ्या केलेल्या भिक्षेकरी संघाचे नाव होते ‘फ्रात्रेस मिनोरेस’, अर्थात ‘धाकटे भाऊ’. तत्कालीन इटालियन नगरांत ‘मायोरेस’ म्हणजे बडी मंडळी आणि ‘मिनोरेस’ म्हणजे सामान्य जन. व्यापाऱ्याच्या या मुलाने दुसरी बाजू जाणूनबुजून निवडली.

१२२१च्या नियमावलीत तर स्पष्टच आहे : कोणालाही ‘प्रायर’, म्हणजे वरिष्ठ, म्हणू नये, सर्वांना ‘धाकटे भाऊ’च म्हणावे आणि एकाने दुसऱ्याचे पाय धुवावेत. संघप्रमुखाचे पदही ‘मिनिस्टर’, म्हणजे सेवक. दीक्षित धर्मगुरू असो वा निरक्षर शेतकरी, संघात आला की भाऊ. स्वतः फ्रान्सिसही धर्मगुरू नव्हता.

ही बरोबरी फार टिकली नाही. संघात विद्वान धर्मगुरूंची संख्या वाढत गेली. १२३९मध्ये संघप्रमुख एलियास यास पदच्युत करण्यात आले. त्याच्या कारभाराविषयी तक्रारी पुष्कळ होत्या, आणि त्या निराधार नव्हत्या. पण तो धर्मगुरू नव्हता, हेही अनेकांना खुपत होते. त्याच्या जागी आलेला पिसाचा आल्बर्ट हा संघाचा पहिला धर्मगुरू-प्रमुख. त्यानंतरच्या फेव्हरशॅमच्या हेमोच्या काळात (१२४०–४४) अदीक्षित भावांना अधिकारपदांची दारे बंद झाली. म्हणायला सगळेच भाऊ. पण आता काही थोरले होते.

पुढे ‘ब्रदर’ या संबोधनाचाच अर्थ आक्रसला. जो ‘फादर’ नाही, तो ‘ब्रदर’. नात्याचा शब्द पायरीचा झाला.

पोर्तुगीजांत मात्र जुना अर्थ तगून होता. फ्रान्सिस्कन १५१७मध्ये गोव्यात मठ स्थापण्यास आले, ते नावाआधी ‘फ्रेय’ लावत. धर्मगुरू असले तरीही. सतराव्या शतकात बारदेशात कोंकणीचे व्याकरण लिहिणारा गास्पार द सांव मिगेल हा असाच एक ‘फ्रेय’. जुन्या गोव्यातील पुरातत्त्व संग्रहालय आज ज्या वास्तूत आहे, तो या ‘भावां’चा मठ. गंमत अशी की, मराठीने ‘पाद्री’ उचलला. ‘फ्रेय’ मागेच राहिला.

१८ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अशा संघांत धर्मगुरू नसलेल्या भावांनाही प्रमुखपदाची वाट मोकळी केली. मात्र त्यासाठी दर वेळी व्हॅटिकनची वेगळी परवानगी घ्यावी लागते.